जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी : लिनक्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची तजवीज कशी करावी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी असो की सोलापूर, लहानशा पेढीतही गल्ल्याशेजारी एखादा लॅपटॉप असतोच. तो बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल थांबवली आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. अशा वेळी कोणीतरी जाणकार सांगतो, 'लिनक्स टाका, फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते.' सल्ला चांगला आहे. परंतु लिनक्स टाकल्यावर पडदा काळा पडतो, अक्षरे मोठी व फाटकी दिसतात किंवा खिडकी सरकवली की रेंगाळते. दुरुस्तीवाला 'ग्राफिक्स गेले, मदरबोर्ड बदला' असे सांगून मोकळा होतो आणि चालू यंत्र किलोच्या भावाने भंगारात जाते.

यांपैकी बऱ्याच यंत्रांत बिघाड नसतोच. ग्राफिक्सची चिप आणि लिनक्स यांची एकमेकांशी ओळख नीट झालेली नसते, एवढेच. ही ओळख करून देणारा जो भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कसा चालवावा आणि कोणत्या यंत्रामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही, हे व्यापारी व कारागीर बांधवांना समजावे म्हणून ही माहिती देत आहोत.

ड्रायव्हर म्हणजे काय?

जॅकार्डचा माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. नक्षी काढणारा ग्राफच्या कागदावर फूल काढतो. मागाला फूल कळत नाही, त्याला फक्त पुठ्ठ्यावरची भोके कळतात. कागदावरच्या नक्षीची भोके पाडून देणारा माणूस मध्ये नसेल तर उत्तम नक्षी आणि उत्तम माग दोन्ही असून कापड निघणार नाही. संगणकात हेच काम ड्रायव्हर करतो. पडद्यावर काय दिसावे हे लिनक्स सांगते आणि ड्रायव्हर ते चिपच्या भाषेत उतरवतो.

प्रत्येक चिपची भाषा वेगळी असते. म्हणून एका लॅपटॉपवर जो उपाय लागू पडला तो दुसऱ्यावर लागू पडेलच असे नाही. शेजारच्या दुकानदाराने सांगितलेली आज्ञा आंधळेपणाने टाइप करू नये, ती याचसाठी.

पहिले काम : चिपची ओळख पटवणे

सुरुवातीलाच हार्डडिस्क पुसू नये. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घ्यावे आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. याला 'लाइव्ह' पद्धत म्हणतात. अशा रीतीने चालवून पाहिले तर आतल्या हिशेबाला धक्का लागत नाही. पडद्यावर 'इन्स्टॉल' असे लिहिलेले असते, त्याला मात्र हात लावू नये.

लिनक्स सुरू झाल्यावर 'टर्मिनल' नावाची खिडकी उघडावी. त्यात इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे जोडून टाइप करावीत. मग एक मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि तिला चिकटून के हे अक्षर टाकून एन्टर दाबावे. यंत्रातल्या सगळ्या भागांची यादी येईल. त्यात 'व्हीजीए' हा शब्द असलेली ओळ शोधावी. चिप कोणत्या कंपनीची व कोणत्या जातीची आहे ते त्या ओळीत असते. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसली तर ड्रायव्हर कामाला लागला आहे असे समजावे. ही ओळ नसेल तर चिप रिकामी बसली आहे. दोन्ही ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीवाल्याकडे जाताना हा कागद बरोबर असला की अर्धे काम होते आणि फसवणूकही टळते.

इंटेलची चिप : सर्वांत सोपे प्रकरण

जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेलची चिप असेल तर मालकाने निश्चिंत असावे. २००५-०६ च्या सुमाराची जीएमए ९५०, त्यानंतरची एक्स ३१०० आणि २०१० पासूनची 'एचडी ग्राफिक्स' या सर्वांसाठी एकच 'आय ९१५' नावाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आधीच असतो. बाहेरून काही उतरवावे लागत नाही. इंटरनेटवर 'ड्रायव्हर डाउनलोड' अशी बटणे दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चित्र रंगवण्याचा दुसरा अर्धा भाग 'मेसा' नावाच्या संचात असतो. २०२२ साली मेसाच्या २२ व्या आवृत्तीत फार जुने ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. त्यामुळे जुन्या इंटेल चिपा वाऱ्यावर पडल्या असा काहींचा समज झाला. तो बरोबर नाही. या चिपांसाठी 'क्रोकस' आणि 'आय ९१५ जी' हे नवे ड्रायव्हर त्याच संचात आहेत. मात्र जीएमए ९५० सारख्या चिपेकडून हिशेब, ई-मेल, पोर्टल एवढ्याच कामाची अपेक्षा ठेवावी. मोठ्या आकाराचे व्हिडिओ तिच्याच्याने होणार नाहीत.

इंटेलच्या जुन्या चिपेत एक खोड आढळते. लॅपटॉपला टीव्ही जोडलेला नसताना तो जोडलेला आहे असे ती समजते आणि पडद्याचा आकार चुकीचा येतो. सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले' उघडल्यावर 'एसव्हिडिओ' नावाचा दुसरा पडदा दिसला तर तो बंद करावा. चित्र लगेच ठिकाणावर येते.

इंटेलच्या नावाखालीच एक फसवी जातही आहे. २००८ नंतर 'ॲटम' प्रोसेसरचे लहान लॅपटॉप बाजारात आले. त्यांतल्या काहींत जीएमए ५०० किंवा ३६०० ही चिप होती. नाव इंटेलचे, पण आतला आराखडा पॉवरव्हीआर जातीचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, आणि तो खुला झाला नाही. २०१२ पासून कर्नलमध्ये तिच्यासाठी ड्रायव्हर आहे, पण तो फक्त चित्र दाखवतो, चित्र रंगवण्याचे काम प्रोसेसरवरच पडते. दिसायला अगदी तसाच असलेला, पण जीएमए ९५० किंवा ३१५० असलेला लहान लॅपटॉप बरा चालतो. जुना माल घेताना ही ओळ वाचूनच सौदा करावा.

एएमडी व एटीआय : आराखडे खुले झाले त्याचा फायदा

आपल्याकडचे कितीतरी यंत्रमाग हे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग होते. मूळ बनवणारी कंपनी सुटे भाग देत नाही म्हणून ते थांबले नाहीत, कारण भागाचे माप खरादवाल्याला माहीत होते. रेडिऑन चिपांचे असेच झाले. २००६ मध्ये एएमडीने एटीआय कंपनी विकत घेतली आणि २००७ पासून चिपांची तांत्रिक कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. त्या मापांवरून जगभरच्या कारागिरांनी 'रेडिऑन' नावाचा खुला ड्रायव्हर पक्का केला. कंपनीचा स्वतःचा 'कॅटॅलिस्ट' ड्रायव्हर मात्र मागे पडला. त्याने एचडी २००० ते ४००० या चिपांना २०१२ मध्ये नियमित यादीतून वगळले आणि २०१६ च्या उबुंटूत तर त्याला जागाच उरली नाही. आज जुन्या रेडिऑनसाठी कॅटॅलिस्ट शोधत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे.

रेडिऑनच्या बाबतीत नेहमीची अडचण वेगळीच असते. ड्रायव्हर हजर असतो, पण 'फर्मवेअर' नसते. यंत्र सुरू होताना चिपेत भरायची ही एक लहानशी फाइल असते. ती नसली तर चित्र येते, पण वेग येत नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये ती सोबतच येते. डेबियनमध्ये पूर्वी ती वेगळी बसवावी लागे, परंतु जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून बसवणीच्या संचातच ती दिलेली आहे. जुन्या डेबियनवर 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज बसवून यंत्र पुन्हा सुरू करावे.

एनव्हिडिया : इथे जपून पाऊल टाकावे

सर्वांत जास्त डोकेदुखी एनव्हिडियाच्या चिपेची. या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगवान असतो, परंतु तो बंद पेटीसारखा असतो. आत काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही आणि कंपनीने हात काढला की तो दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येत नाही. जीफोर्स ६ व ७ या चिपांचा ३०४ क्रमांकाचा ड्रायव्हर २०१७ अखेर थांबला. जीफोर्स ८ व ९ चा ३४० क्रमांकाचा २०१९ अखेर, ४०० व ५०० मालिकांचा ३९० क्रमांकाचा २०२२ अखेर, तर त्यानंतरच्या केप्लर चिपांचा ४७० क्रमांकाचा २०२४ मध्ये थांबला.

कर्नल मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलत असते. थांबलेला ड्रायव्हर नव्या कर्नलला जुळत नाही. आज बसवला, चालला, महिन्याने अपडेट आले आणि सकाळी दुकान उघडल्यावर काळा पडदा, अशी तक्रार येते ती यातूनच. ड्रायव्हरसाठी कर्नल जुनेच ठेवावे म्हटले तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. बँकेचे व जीएसटीचे काम ज्या यंत्रावर होते, त्यावर असे करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर घ्यावा. एनव्हिडियाने आपल्या चिपांचे माप दिले नव्हते, तेव्हा कारागिरांनी चालत्या चिपेचे निरीक्षण करून माप काढले. २०१० पासून तो कर्नलमध्ये आहे. त्याच्यावर चिप पूर्ण वेगाने धावत नाही आणि कधी यंत्र अडकते. अडकले तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहावे. पावती, खतावणी, पत्रव्यवहार यांना एवढा वेग पुरतो.

पूर्वी कोणी कंपनीचा ड्रायव्हर बसवून ठेवला असेल तर तो नूव्होला 'ब्लॅकलिस्ट' करून, म्हणजे दार बंद करून, ठेवतो. म्हणून आधी तो पूर्ण काढावा आणि मगच नूव्होची परीक्षा करावी. २०१० नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेल व एनव्हिडिया अशा दोन्ही चिपा असतात. अशा यंत्रात बहुधा पडदा इंटेललाच जोडलेला असतो. तिथे इंटेलवरच काम चालवावे. एनव्हिडिया शांत राहिली की यंत्र कमी तापते आणि बॅटरीही जास्त टिकते.

एसआयएस व व्हीआयए

स्वस्तातल्या काही जुन्या लॅपटॉपमध्ये या कंपन्यांच्या चिपा होत्या. त्यांना लिनक्समध्ये मजबूत आधार मिळाला नाही. कामचलाऊ चित्र येते, तेही अनेकदा पडद्याच्या मापाचे नसते. बिल छापण्यापुरते चालत असेल तर ठेवावे, त्यामागे खर्च करू नये.

पडदा काळा पडला तर

सुरू होतानाच पडदा काळा पडला तर घाबरण्याचे कारण नाही. यंत्र पुन्हा सुरू करून निवडीची यादी आली की इंग्रजी ई दाबावी. ती येत नसेल तर शिफ्ट किंवा एस्केप दाबून धरावे. जी ओळ 'लिनक्स' या शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी मोकळी जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत जोडून लिहावा आणि एफ १० दाबावे. साधे चित्र येईल.

हा तात्पुरता टेकू आहे. नोमोडसेटमुळे चांगला ड्रायव्हर कामालाच लागत नाही. आत जाऊन फर्मवेअर बसवणे, अपडेट करणे, जुना ड्रायव्हर काढणे ही कामे उरकावीत आणि शब्द काढून टाकावा. मिंटमधील 'कंपॅटिबिलिटी मोड' हाही असाच टेकू आहे. अनेक दुकानांत हा टेकू कायमचा राहून गेलेला असतो आणि मालक 'लिनक्स संथ आहे' म्हणून दोष देत असतो.

पडदा काळा दिसला तर आणखी एक परीक्षा करावी. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी टॉर्च धरावी. अंधुक चित्र दिसले तर ड्रायव्हर चालू आहे, फक्त मागचा दिवा लागलेला नाही. प्रकाश कमी-जास्त करण्याची बटणे दाबून पाहावीत. तरी लागला नाही तर त्याच ओळीत 'एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर' हे इंग्रजीत लिहून पाहावे. त्यानेही न लागल्यास पडद्याची दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावे.

चित्र आहे, पण वेग नाही

टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे जागा, आडवी रेघ व मोठी बी असे टाइप करावे. आज्ञा सापडत नाही असे उत्तर आले तर 'मेसा-यूटिल्स' हे पॅकेज बसवावे. उत्तरात 'रेंडरर'च्या ओळीत आपल्या चिपेचे नाव आले तर सर्व ठीक आहे. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असे आले तर चिप बसून आहे आणि तिचे काम प्रोसेसर ओढतो आहे, असे समजावे. मग पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात : नोमोडसेट राहिला आहे काय, फर्मवेअर आहे काय, ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमध्ये अडकला आहे काय.

चिपेचे नाव येऊनही यंत्र संथ असेल तर दोष ड्रायव्हरचा नाही. दोन जीबी मेमरीवर भारी सजावटीचा डेस्कटॉप चालवू नये, 'एक्सएफसीई' किंवा 'एलएक्सक्यूटी' असा हलका घ्यावा. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो कोणत्याही ड्रायव्हरने पडणार नाही.

२००६ च्या सुमाराचे कोअर ड्युओ आणि सुरुवातीचे ॲटम हे ३२ बिटचे प्रोसेसर आहेत. त्यांना आजच्या बहुतेक लिनक्स आवृत्त्या चालत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या संगणकांसाठी बसवणीचा संच देणे बंद केले. त्यांच्यासाठी डेबियन १२ घ्यावे. त्याची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे.

ज्याला ड्रायव्हरचा इलाज नाही

यंत्र सुरू करताच कंपनीचे नाव झळकते, तेव्हा लिनक्स किंवा विंडोज काहीच सुरू झालेले नसते. त्या वेळीच उभ्या रेघा, ठिपके, रंगांचे तुकडे दिसत असतील तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. बाहेर चित्र स्वच्छ असेल तर पडदा किंवा त्याची केबल बिघडली आहे आणि ती दुरुस्ती परवडू शकते. दोन्हीकडे रेघा असतील तर चिपच गेली आहे.

असे मोठ्या प्रमाणात घडलेलेही आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांत वापरलेले जोडणीचे साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. वारंवार तापणे-निवणे होऊन अशा चिपेचे जोड सुटतात. चिप गरम करून 'चालू करून देतो' असे सांगणारे भेटतात, पण तो जोड फार दिवस टिकत नाही. अशा यंत्रातली हार्डडिस्क व मेमरी काढून घ्यावी आणि बाकीचे भंगारात द्यावे.

धंद्याचा हिशेब

ड्रायव्हर चालू झाला म्हणजे धंदा चालू झाला असे नाही. टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे. ज्यांचे सारे खाते टॅलीत आहे त्यांनी एक विंडोजचे यंत्र त्यासाठी ठेवावे आणि जुना लॅपटॉप बाकीच्या कामाला लावावा. जीएसटीचे पोर्टल आणि ई-वे बिल ब्राउझरवर चालतात, त्यांना लिनक्सची हरकत नाही. ज्यांना डिजिटल सहीची टोकन लागते त्यांनी ती लिनक्सवर चालते काय याची खातरजमा आधी करावी. पावतीचा प्रिंटरही लाइव्ह पेनड्राइव्हवरच जोडून पाहावा. हिशेबाच्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवल्याशिवाय बसवणीला हात घालू नये.

दुरुस्तीवर किती खर्चावे याचाही अंदाज बांधावा. इंटेल व रेडिऑनची यंत्रे एका दुपारी मार्गी लागतात. एनव्हिडियाला एक दिवस द्यावा. जीएमए ५००, एसआयएस, व्हीआयए यांच्यामागे दुसरा दिवस घालवू नये. तेवढ्या वेळात इंटेलची चिप असलेला दुसरा जुना लॅपटॉप शोधलेला बरा. सौद्याच्या वेळी लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात असावा. कापड घेताना आपण थान उलगडून, उजेडासमोर धरून पाहतो. इथेही विकणाऱ्यासमोर पेनड्राइव्ह लावावा, दोन ओळी वाचाव्यात आणि मगच पैसे मोजावेत.